रेवदंड्याचा कोट कसा पाहावा

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याच्या तटाला छेदून गावात शिरतो आणि पुन्हा तटाला छेदूनच बाहेर पडतो. एसटीच्या खिडकीतून क्षणभर काळ्या दगडांची जाड भिंत दिसते, मग नारळ-सुपारीच्या वाड्या आणि बाजार येतो, पुन्हा भिंत, आणि त्यानंतर कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल लागतो. तेवढ्या काही मिनिटांत आपण एक संपूर्ण तटबंद शहर आरपार ओलांडलेले असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जे उतरतात ते सातखणीचा मनोरा पाहतात, किनाऱ्यावर थोडा वेळ बसतात आणि तासाभरात निघतात. पहिल्या खेपेला मीही तसेच केले होते, आणि घरी आल्यावर तट नेमका कुठून कुठे जातो एवढ्या साध्या प्रश्नाचेही उत्तर मला देता येईना. त्यानंतरच्या खेपांमध्ये पाहण्याचा जो क्रम ठरत गेला, तो येथे मांडत आहे.

क्रम असा आहे: आदल्या दिवशी दुपारी चौल, दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी तट बाहेरून, त्यानंतर तटाच्या आतील अवशेष, आणि दिवस कलताना खाडीपलीकडील कोर्लईचा किल्ला. ही तिन्ही ठिकाणे एकाच बंदराची तीन अंगे आहेत. चौल हे जुने शहर, रेवदंडा हा पोर्तुगिजांचा कोट आणि कोर्लई हा खाडीच्या मुखावरचा पहारा. पोर्तुगीज कागदपत्रांतही वरचे चौल आणि खालचे चौल असाच भेद केलेला आढळतो, आणि त्यांतील खालचे चौल म्हणजे आजचा रेवदंडा. एकट्या रेवदंड्याकडे पाहिले, तर इतकी मोठी भिंत कोणाच्या भीतीने आणि कशाच्या रक्षणासाठी उभारली, हे कळत नाही.

दिवस कोणता निवडावा

सर्वांत महत्त्वाचा निर्णय तारखेचा आहे, कारण तटाची पश्चिम बाजू समुद्राला लागून आहे आणि ती वाळूवरून चालतच पाहावी लागते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चारने भागावे; जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला हा आकडा तीन येतो. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, तर सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि शिवाय ते भांगाचे दिवस असतात, त्यामुळे पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी दूरवर ओसरते खरे, पण ती ओहोटी पहाटे अंधारात होऊन जाते. या सगळ्याचा विचार करता शुद्ध किंवा वद्य तृतीया-चतुर्थीची सकाळ सर्वांत सोयीची ठरते: उधाणाचा जोर अजून पूर्ण ओसरलेला नसतो, ओहोटी आठ ते नऊच्या दरम्यान येते आणि ऊनही कोवळे असते. हा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकाशी तो ताडून पाहावा.

ऋतूच्या बाबतीत माझा कल जानेवारी-फेब्रुवारीकडे आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तटावर इतके रान माजलेले असते की दगडांचे थर दिसत नाहीत, आणि गवतात पाय कुठे पडतो हेही कळत नाही. पायांत बंद बूट असावेत. सोबत पाणी, एक विजेरी, फूटपट्टी, वही आणि पेन्सिल एवढे सामान पुरते. शक्य असल्यास कोटाच्या जुन्या आराखड्याची प्रत अवश्य घ्यावी. 1635 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज दप्तराचे रक्षक आंतोनियु बोकारु यांनी पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांचे जे वर्णन तयार केले, त्यासोबत पेद्रु बार्रेतु दि रेझेंदि यांनी काढलेले आराखडे आहेत आणि त्यांत चौलचाही आराखडा आहे. तो आजच्या अर्थाने मोजून काढलेला नकाशा नव्हे, तरी बुरूज, दरवाजे आणि चर्च यांचा परस्परसंबंध त्यावरून चांगला उमगतो.

मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीने आणि पुढे अलिबागमार्गे रस्त्याने येता येते. अलिबागहून रेवदंडा सुमारे 18 किलोमीटर आहे, आणि मुरूडकडे जाणाऱ्या एसटी गाड्या गावातूनच जातात.

आदल्या दिवशी चौल

तट बांधला जाण्यापूर्वी या खाडीवर दीड हजार वर्षांची वस्ती होऊन गेली होती, हे मनाशी पक्के व्हावे यासाठी आधी चौलला जावे. ग्रीक-रोमन लेखकांचे सिमुल्ला, शिलाहारांच्या लेखांतील चेमुल्य आणि अरब प्रवाशांचे सैमूर ही सर्व याच बंदराची नावे मानली जातात. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी येथे आला, तेव्हा कोकणच्या शिलाहारांपैकी झंझ राजाचा अंमल होता. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला आणि पुढे बहमनी राज्यात गेला. त्याचे स्मारक रेवदंड्यातील शाळेच्या आवारात आहे.

चौलमध्ये सर्व काही पाहण्याचा अट्टहास करू नये. रामेश्वराचे देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी निवांतपणे पाहावी, हिंगलाजच्या टेकडीवरील लेणी पाहावीत आणि उरलेल्या वेळात हमामखान्याचे अवशेष शोधावेत. एका बंदराच्या परिसरात लेणी, शिवमंदिर आणि हमामखाना इतक्या जवळजवळ असणे हाच त्या शहराचा इतिहास आहे. येथे घोडे उतरत, येथून कापड जाई, आणि ज्याची सत्ता देशावर असे त्याला हे बंदर हवे असे.

संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर कोटाचा घटनाक्रम एकदा वाचून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दगडांसमोर उभे राहून पुस्तकात डोके घालावे लागत नाही. मार्च 1508 मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तचा आरमारप्रमुख अमीर हुसेन आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांच्या आरमारांनी पोर्तुगिजांचा पराभव केला, आणि त्या लढाईत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु दि आल्मेदा मारला गेला. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली, आणि त्यामागे समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा व्यापार हे मोठे कारण होते. हा पहिला किल्ला लहान होता. त्याच्याभोवती वाढलेल्या शहराला मात्र तट नव्हता, आणि याची किंमत 1570 च्या अखेरीस कळून आली. विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला आणि मुर्तजा निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. तेव्हा चौलच्या पोर्तुगिजांनी घरे आणि मठ हेच मोर्चे करून कित्येक महिने झुंज दिली आणि 1571 मध्ये तह झाला. आज आपण जो शहराभोवतीचा तट पाहतो, तो या वेढ्याने शिकवलेल्या धड्यातून उभा राहिला आहे. तट पाहताना ही एक गोष्ट सतत ध्यानात ठेवली, तर त्याची जाडी, त्याचे कोन आणि जमिनीच्या बाजूची विशेष काळजी या सर्वांचा अर्थ लागत जातो.

तट बाहेरून चालणे

सकाळी पूर्ण ओहोटीच्या एक तास आधी किनाऱ्यावर पोहोचावे आणि समुद्राला उजव्या हाताला ठेवून, तटाच्या कडेने दक्षिणेकडे खाडीच्या मुखाच्या दिशेने चालू लागावे. सुरुवातीला भिंतीच्या अगदी जवळ जाऊ नये. पन्नास-साठ पावलांवरून पाहिले म्हणजे तटाची रेषा कुठे वळते, कुठे ती सुरूच्या झाडांमागे लपते आणि कुठे ढासळून तिचा नुसता ढिगारा उरला आहे, हे एका नजरेत येते. प्रत्येक वळणाची वहीत एक साधी रेघ ओढावी. चित्रकला येण्याची गरज नाही. रेघ ओढताना डोळा जे टिपतो ते फोटो काढताना सुटून जाते.

त्यानंतर भिंतीजवळ जावे आणि खालून वर पाहत जावे. पाया, त्यावरचे थर, दगडांमधला चुना, कोपऱ्यांवरचा घडीव दगड आणि मधल्या भागातला ओबडधोबड दगड यांतला फरक ओळखावा. जेथे भिंत फुटली आहे तेथे उलट अधिक शिकायला मिळते, कारण आतला गाभा उघडा पडलेला असतो: दोन्ही बाजूंना रचलेल्या चिऱ्यांच्या भिंती आणि त्यांच्या मध्ये चुन्यात बसवलेले दगडगोटे. तोफेचा गोळा आदळला तर धक्का जिरवण्याचे काम हा गाभा करतो. वर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दातेरी कठडे, शिल्लक असतील तेथे त्यांचा आकार पाहावा, जंग्यांची, म्हणजे बंदुका रोखण्यासाठी ठेवलेल्या भोकांची, तोंडे कोणत्या दिशेला रोखली आहेत ते पाहावे, आणि जंगीतून जी जागा दिसत असेल तेथे प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे. हल्लेखोराच्या जागी उभे राहिल्याखेरीज तटबंदी समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बुरुजांपाशी अधिक वेळ द्यावा. सह्याद्रीतील किल्ल्यांवर आपल्याला गोल बुरूज पाहण्याची सवय असते. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक लहानसा टापू असा राहतो की शेजारच्या बुरुजावरील तोफांचा मारा तेथे पोहोचत नाही. सोळाव्या शतकात युरोपात तोफांचे बळ वाढले, तेव्हा हा दोष घालवण्यासाठी बाणाच्या टोकासारखे कोनाकृती बुरूज बांधण्याची पद्धत रूढ झाली. एका बुरुजाची बाजू शेजारच्या बुरुजावरून संपूर्णपणे माऱ्यात येते. रेवदंड्यात चालताना प्रत्येक बुरुजापाशी हाच प्रश्न विचारावा की, याची ही कड कोणत्या बुरुजावरून राखली जात असेल? उत्तर सापडले की दोन बुरूज आणि त्यांमधली भिंत यांचा मिळून एक घटक डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि त्यानंतर तट विस्कळीत वाटत नाही.

तटाच्या पोटात भुयारासारखी तोंडे दिसतात. त्यांविषयी गावोगावी ऐकू येतात तशा कथा येथेही ऐकायला मिळतील. विजेरीचा झोत टाकून बाहेरूनच आत पाहावे, शिरू नये. वरचे दगड झाडांच्या मुळांनी सैल झालेले असतात, आणि आत सापांचा वावर असू शकतो. त्याच कारणाने तटावर चढण्याचा मोहही टाळावा. वड-पिंपळाची रोपे उपटून आपण वारशाची सेवा करतो असे काहींना वाटते, पण रुजलेले मूळ ओढले की त्याने धरून ठेवलेला दगडच निखळतो. हे काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

खाडीच्या बाजूला पोहोचल्यावर वाळू संपून चिखल सुरू होतो, तेथून पुढे पाण्याच्या कडेने जाण्याचा हट्ट धरू नये. मागे फिरून गावातल्या रस्त्याने जमिनीकडील बाजूला जावे. येथे वाड्या थेट तटाला भिडल्या आहेत. या वाड्या खासगी आहेत, हे क्षणभरही विसरू नये. गडग्यापाशी थांबून हाक द्यावी आणि “काका, तट बघायला आलोय, वाडीतून जाऊ का?” असे विचारावे. परवानगी बहुतेक वेळा मिळते, आणि तिच्यासोबत पुष्कळदा अशी माहिती मिळते की जी कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते: कोणत्या पावसाळ्यात कोणता भाग कोसळला, विहीर खणताना काय लागले, पूर्वी वाट कुठून होती. परवानगी मिळाली नाही तर नमस्कार करून पुढे जावे.

दरवाजे आणि त्यांवरील चिन्हे

कोटाला जमिनीकडून आणि पाण्याकडून अशी दोन मुख्य प्रवेशद्वारे होती. आजचा डांबरी रस्ता भिंत फोडून नेलेला असल्यामुळे मूळ दरवाजे बाजूला पडल्यासारखे वाटतात; ते विचारून शोधावे लागतात. दरवाजापाशी आल्यावर पुढे घाईने न जाता मान वर करून कमानीवरचा दगड पाहावा. पोर्तुगालच्या राजचिन्हात मधोमध पाच लहान ढाली फुलीच्या मांडणीत असतात, प्रत्येक ढालीवर पाच ठिपके असतात, भोवतीच्या पट्टीत छोटे किल्ले असतात आणि वर मुकुट असतो. वळ्या-वळ्यांचा पोकळ गोल दिसला तर ते राजा मानुएल याचे आवडते चिन्ह होय. दगड झिजलेला असेल तर समोरून प्रकाश टाकून काहीच दिसत नाही. विजेरी अगदी बाजूला, दगडाच्या जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे उथळ कोरीव कामाचीही सावली पडते आणि आकृती स्पष्ट होते. खडू, कोळसा किंवा पाणी दगडाला मुळीच लावू नये. फोटो काढताना फूटपट्टी शेजारी ठेवावी, म्हणजे पुढे आकाराचा अंदाज राहतो.

हीच पद्धत थडग्यांवरील आणि शिलालेखांवरील अक्षरांसाठी वापरावी. पोर्तुगीज येत नसली तरी चार-दोन शब्द ओळखता आले तरी बरेच काही वाचता येते. ‘आकी झाश’ म्हणजे येथे चिरनिद्रा घेत आहे, ‘सेपुल्तुरा’ म्हणजे कबर, ‘कापितांव’ म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी आणि ‘व्हिझोरेय’ म्हणजे व्हाइसरॉय. जुन्या लेखांत रोमन ‘यू’ या अक्षराऐवजी ‘व्ही’ कोरलेले असते आणि जागा वाचवण्यासाठी अक्षरे एकमेकांत गुंतवलेली असतात, म्हणून आधी दिसेल तसे अक्षर-अक्षर उतरून घ्यावे आणि अर्थाचा विचार नंतर करावा. राजाचे नाव सापडले तर काळ लगेच ठरतो: सेबास्तियांव असेल तर 1557 ते 1578, फिलिप असेल तर 1580 ते 1640 या स्पेनच्या राजांच्या अमलातील काळ.

कोटाच्या आत

ऊन चढू लागले की आतील अवशेषांकडे वळावे. या एवढ्याशा शहरात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या चारही पंथांचे मठ होते. यावरूनच येथील व्यापारात किती पैसा खेळत होता याची कल्पना येते. आज त्यांतील बहुतेक इमारती भग्न आहेत. भिंतीचा एखादा तुकडा कशाचा हे ओळखण्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. चर्चची वेदी ज्या टोकाला असे तेथील छत बहुधा सर्वांत मजबूत बांधलेले असल्याने तेच शेवटपर्यंत टिकते. मठाची ओळख मधल्या चौकोनी अंगणावरून आणि त्याभोवतीच्या खोल्यांच्या पायांवरून पटते. बाणांनी विद्ध झालेले हृदय कोरलेले दिसले तर ती ऑगस्टिनियनांची खूण असते.

सातखणीचा मनोरा सर्वांत उंच असल्यामुळे तो शोधावा लागत नाही. हा फ्रान्सिस्कनांच्या मठाच्या चर्चचा घंटाघर-मनोरा होता. लोकांनी दिलेल्या नावात सात मजले असले तरी आज ते सर्व उभे नाहीत. मजल्यांचे लाकूड केव्हाच नाहीसे झाले आहे, पण तुळया जेथे बसवल्या होत्या ती भोके भिंतीत तशीच आहेत. पायथ्याशी उभे राहून ती मोजत वर गेले की मजल्यांची उंची आणि संख्या आपली आपल्याला काढता येते. मनोऱ्याच्या परिसरात तोफा पडलेल्या दिसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना आलेले कान पाहावेत, कारण त्यांवरच तोफ गाड्यावर तोलली जात असे.

येथे मला दरवेळी एक गोष्ट अस्वस्थ करते. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढा घातला तेव्हाही हा कोट टिकून राहिला, आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर 1740 च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. म्हणजे हा तट लढाईत पडलेला नाही. त्याची आजची अवस्था ही पाऊस, मुळे, खारा वारा आणि बांधकामासाठी उचलून नेलेले दगड यांची आहे, आणि ती प्रक्रिया अजून थांबलेली नाही. म्हणूनच आपण काढलेली रेघ, घेतलेले माप आणि तारीख घातलेला फोटो यांना मोल आहे. पाच वर्षांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो काढला तर काय गेले ते कळते. मराठी कागदपत्रांत या घटना पडताळायच्या असतील तर त्यांत वापरलेल्या सुहूर सनाचा, म्हणजे अरबी कालगणनेचा, हिशेब लक्षात ठेवावा: मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या काळासाठी सुहूर सनात 599 आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन मिळतो.

शेवटी कोर्लई

दुपारी विश्रांती घेऊन साडेतीनच्या सुमारास पूल ओलांडून कोर्लईला जावे. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर हा किल्ला आहे. निजामशाहीने येथे ठाणे मजबूत केले तेव्हा खाडीत येणारे प्रत्येक गलबत त्याच्या माऱ्यात आले, आणि म्हणूनच 1594 मध्ये पोर्तुगिजांनी हा डोंगर जिंकून घेतला. वर पोहोचल्यावर किल्ल्याच्या आतील वास्तू पाहण्यापूर्वी उत्तरेकडे तोंड करून बसावे. खाली खाडीचे मुख, पलीकडे नारळांच्या गर्द हिरव्या पट्ट्यात दडलेला कोट, त्यातून वर आलेली सातखणी आणि त्याच्याही मागे चौलच्या टेकड्या दिसतात. सकाळी वहीत काढलेली रेघ या दृश्यावर ठेवून पाहावी. जो तट चालताना तुकड्या-तुकड्यांनी भेटला, त्याची पूर्ण वाट येथून नजरेने फिरता येते, आणि जेथे झाडी असल्यामुळे रेघ तुटली होती ते दुवे जोडता येतात.

उजेड असतानाच उतरावे. पायथ्याच्या कोर्लई गावात काही कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. 1740 मध्ये कोट रिकामा झाला तरी मागे राहिलेल्या माणसांनी ती टिकवली आहे. आपल्याला बोलून दाखवा अशी फर्माईश कोणाला करू नये. वाटेत चहासाठी थांबलो आणि शेजारच्या ओट्यावर दोन बायका आपसांत बोलत असल्या, तर कान देऊन ऐकावे. मराठी वाटणारे वाक्य मध्येच ओळखीचे राहत नाही, आणि सकाळी दगडावर वाचलेला एखादा शब्द त्यात जिवंत ऐकू येतो.